शेअर बाजाराने तळ गाठला हे कसं ओळखायचं? आधी जालन्याच्या मोंढ्यातलं सोयाबीन बघा

जालन्याच्या मोंढ्यात ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सोयाबीनची आवक वाढली की एकच प्रश्न ऐकू येतो: आता देऊन टाकायचं की अजून थांबायचं? शेअर बाजार पडायला लागला की हाच प्रश्न उलटा होऊन मोबाईलवर येतो: आता घ्यायचं की अजून पडू द्यायचं? एकाला माल विकायचा आहे, दुसऱ्याला घ्यायचा आहे. पण दोघंही शोधतायत ती गोष्ट एकच, भावाचा तळ.

आणि ही दोन माणसं आता एकाच घरात असू शकतात. वडिलांचे सोयाबीनचे कट्टे मागच्या खोलीत, मुलाचं डिमॅट खातं मोबाईलमध्ये. मार्च २०२० मध्ये देशात साधारण ४ कोटी डिमॅट खाती होती. मार्च २०२५ पर्यंत ती १९ कोटींच्या वर गेली. म्हणजे आजची बहुतेक खाती कोरोनाच्या पडझडीनंतर उघडलेली आहेत. या खातेदारांनी बाजार पडताना पाहिलाय, पण वर्षभर पडत राहिलेला पाहिलेला नाही. सोयाबीनवाल्यांनी मात्र तेही पाहिलंय. त्यामुळे सुरुवात तिथूनच करू.

थांबला तो जिंकला, आणि मग थांबला तो अडकला

२०२१ च्या ऑगस्टमध्ये सोयाबीनने अनेक बाजारांत क्विंटलला १०,००० रुपयांचा टप्पा ओलांडला होता. त्या वर्षीचा हमीभाव होता ३,९५०. त्याच महिन्यात केंद्र सरकारने १२ लाख टन जीएम सोयापेंड आयात करायला परवानगी दिली. पुढे नवा माल बाजारात आला आणि भाव जवळपास निम्म्यावर आला. डिसेंबर २०२१ मध्ये सेबीने सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदे व्यवहार थांबवले.

तेव्हा ज्या शेतकऱ्यांनी माल घरात ठेवला, त्यांचा अंदाज बरोबर ठरला. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला, सूर्यफूल तेलाची आवक अडली, पुढे इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात काही आठवडे बंद केली. खाद्यतेल भडकलं आणि सोयाबीन पुन्हा ७,००० च्या वर गेलं. गावोगावी एक धडा पक्का झाला: दिवाळीला विकायचं नाही, थांबायचं.

पुढच्या हंगामात त्यामुळे जास्त लोक थांबले. पण भाव वर जायच्या ऐवजी हळूहळू उतरत ५,००० कडे आला. त्याच्या पुढच्या वर्षी साडेचार हजारांच्या आसपास. २०२४-२५ मध्ये हमीभाव ४,८९२ असताना बाजारात ४,००० ते ४,३०० च्या पट्ट्यात माल विकला गेला. २०२५-२६ साठी हमीभाव ५,३२८ झाला, तरी सुगीत बाजारभाव त्याच्या बराच खाली राहिला. दरवर्षी वाटत होतं की आता याच्या खाली काय जाणार. दरवर्षी थोडं खाली गेलंच.

इथे चूक शेतकऱ्याच्या हुशारीची नव्हती. २०२२ मध्ये भाव वर गेला तो युद्धामुळे. ‘थांबलं की भाव येतो’ असा नियम त्यातून निघत नव्हता, पण काढला गेला. शेअर बाजारात २०२० नंतर नेमकं हेच झालं. ‘पडलं की घ्या’ हे वाक्य मार्च २०२० मध्ये बरोबर ठरलं, त्यानंतरच्या छोट्या पडझडीतही ठरलं, आणि एका पिढीचं सूत्र होऊन बसलं.

तळ नेमका बनतो कसा?

भाव पडतो तेव्हा दोन प्रकारचे लोक विकत असतात. एक, ज्याला वाटतं की पुढे आणखी पडेल. दुसरा, ज्याला विकण्यावाचून इलाज नाही. हा दुसरा माणूस महत्त्वाचा.

मोंढ्यात तो कोण असतो हे सगळ्यांना माहीत आहे. कृषी सेवा केंद्राची उधारी आहे, हरभरा पेरायचाय, दिवाळी तोंडावर आहे, पोराची फी भरायची आहे. तो भाव बघत नाही. आडत्याने लावलेला भाव घेऊन पट्टी खिशात टाकतो. सुगीच्या दोन महिन्यांत भाव दबतो तो मुख्यतः या माणसामुळे. त्याचा माल संपला की आवक घटते आणि निदान तो दबाव तरी हटतो.

शेअर बाजारातही असाच एक लाचार विक्रेता असतो, फक्त तो दिसत नाही. एखाद्याने स्वतःचे २५ हजार आणि ब्रोकरकडून घेतलेले ७५ हजार घालून शेअर घेतले. भाव २० टक्के पडला तर त्याच्या लाखाचे ८० हजार झाले, त्यातले ७५ हजार ब्रोकरचे. ब्रोकर फोन करतो, अजून पैसे भरा. नाही भरले तर शेअर विकून टाकतो. याला मार्जिन कॉल म्हणतात. त्या विक्रीने भाव आणखी पडतो, मग पुढच्याचा मार्जिन कॉल येतो. दुसरीकडे परदेशात बसलेल्या फंडाकडे त्याचे गुंतवणूकदार पैसे परत मागतात आणि तो भारतातले चांगले शेअरही विकतो, कारण तेच पटकन विकले जातात.

अशा वेळी चांगलं-वाईट सगळं एकदम पडतं. आणि अशी सक्तीची विक्री संपते तेव्हा भाव थांबतो. त्यासाठी चांगली बातमी यावी लागत नाही, घाईने विकणारा संपावा लागतो. तळाबद्दलची ही सगळ्यात कमी सांगितली जाणारी गोष्ट आहे. लोक बातमी सुधारण्याची वाट बघतात आणि बाजार त्यांच्यासाठी थांबत नाही.

मार्च २०२० : बातमी सर्वांत वाईट व्हायच्या सहा महिने आधी

२० जानेवारी २०२० ला सेन्सेक्स ४२,२७३ पर्यंत गेला होता. २३ मार्चला तो एका दिवसात ३,९३४ अंकांनी, म्हणजे १३ टक्क्यांहून जास्त पडून २५,९८१ वर बंद झाला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी देशभर लॉकडाऊन जाहीर झाला. त्या महिन्यात परदेशी गुंतवणूकदारांनी जवळपास ६२ हजार कोटींचे शेअर विकले होते.

बंद भावाने तोच तळ ठरला. तेव्हा देशात कोरोनाचे रुग्ण काही शेकड्यांत होते. पहिल्या लाटेत रोजचे रुग्ण ९७ हजारांच्या घरात गेले ते सप्टेंबरमध्ये. एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत अर्थव्यवस्था २३.९ टक्क्यांनी आकसल्याचा सुरुवातीचा अंदाज ३१ ऑगस्टला आला. तोवर बाजार तळापासून निम्म्याच्या आसपास वर आलेला होता आणि नोव्हेंबरमध्ये त्याने जानेवारीचा उच्चांकही मागे टाकला.

बदललं काय होतं? २३ मार्चला अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने लागतील तेवढे रोखे विकत घेण्याची घोषणा केली. २७ मार्चला रिझर्व्ह बँकेने रेपो दर पाऊण टक्क्याने कमी करून ४.४० टक्के केला आणि कर्जाच्या हप्त्यांना सवलत दिली. थोडक्यात, जे सक्तीने विकत होते त्यांना रोख पैसा मिळायला लागला. आजार वाढत होता, पण विक्रीची सक्ती कमी होत होती.

हे उदाहरण इतकं साफ आहे की ते फसवं आहे. एवढ्या झटपट तळ बनणं हा अपवाद. २००८ जास्त शिकवतं.

२००८ : पाच महिने लांबलेला तळ

१० जानेवारी २००८ ला सेन्सेक्स २१,२०६ वर होता. त्याच महिन्यात रिलायन्स पॉवरच्या आयपीओला ७० पटींहून जास्त मागणी आली. २१ जानेवारीला सेन्सेक्स १,४०८ अंकांनी पडला. पुढे जुलैच्या मध्यात तो साडेबारा हजारांपर्यंत आला आणि मग ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात पुन्हा १५ हजारांवर गेला. तेव्हा ‘तळ झाला’ म्हणणाऱ्यांची संख्या कमी नव्हती. सप्टेंबरमध्ये लेहमन ब्रदर्स बुडाली.

२७ ऑक्टोबरला व्यवहार चालू असताना सेन्सेक्स ७,६९७ पर्यंत घसरला, पण बंद झाला ८,५०९ ला. दहा दिवसांच्या आत तो १० हजारांच्या वर होता. नोव्हेंबरमध्ये परत साडेआठ हजारांच्या खाली आला. ७ जानेवारी २००९ ला सत्यमच्या अध्यक्षांनी हिशेबातला घोटाळा कबूल केला, देशातली एक मोठी आयटी कंपनी एका दिवसात कोसळली, सेन्सेक्स ७४९ अंकांनी पडला. तरी ऑक्टोबरचा ७,६९७ चा आकडा मोडला नाही.

ही खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. बातमी आधीच्यापेक्षा वाईट, आणि भाव मात्र आधीच्या नीचांकाच्या खाली जात नाही. याचा अर्थ ज्यांना घाबरून विकायचं होतं त्यातल्या बऱ्याच जणांनी आधीच विकलंय. ९ मार्च २००९ ला सेन्सेक्स ८,१६० वर बंद झाला. बंद भावाने तळ तोच, दिवसातल्या भावाने तळ ऑक्टोबरचा. ‘नेमका तळ कधी’ या प्रश्नाला त्यामुळे दोन उत्तरं आहेत आणि दोन्ही बरोबर आहेत.

त्यानंतरचे दोन महिने जास्त बोलके आहेत. मेमध्ये लोकसभेचा निकाल लागायचा होता. ‘निकाल लागू दे, मग बघू’ असं म्हणणं अगदी शहाणपणाचं वाटत होतं. निकालाआधीच्या शुक्रवारी, १५ मे ला, सेन्सेक्स १२,१७३ वर होता. म्हणजे तळापासून जवळजवळ ५० टक्के वर. निकालानंतर सोमवारी, १८ मे ला, तो २,११० अंकांनी उसळला, वरचं सर्किट लागलं आणि व्यवहार थांबवावे लागले. खात्री व्हायची वाट बघणाऱ्याला त्या दिवशी शेअर घ्यायलाच मिळाले नाहीत.

२०२४-२५ : भीतीशिवाय पडलेला बाजार

२७ सप्टेंबर २०२४ ला निफ्टी २६,२७७ पर्यंत गेला आणि मग सलग पाच महिने पडला. १९९६ नंतर असं पहिल्यांदाच झालं. ४ मार्च २०२५ ला तो २२,०८२ वर बंद झाला. तिथून वर यायला लागला आणि २ एप्रिलला अमेरिकेचे अध्यक्ष ट्रम्प यांनी आयातशुल्काची यादी जाहीर केली. ७ एप्रिलला निफ्टी सकाळी २१,७४३ पर्यंत कोसळला, पण बंद झाला २२,१६१ ला, म्हणजे ४ मार्चच्या वर. २००९ सारखंच. बातमी आणखी वाईट, पण बंद भाव आधीच्या तळाच्या खाली नाही. ९ एप्रिलला रिझर्व्ह बँकेने रेपो दर ६ टक्क्यांवर आणला, अमेरिकेने बहुतेक देशांसाठी शुल्काला ९० दिवसांची स्थगिती दिली. नोव्हेंबर २०२५ मध्ये निफ्टीने जुना उच्चांक ओलांडला.

आता समाजमाध्यमांवर तळाच्या म्हणून ज्या खुणा फिरतात, त्या या पडझडीला लावून बघा.

पहिली, भीतीचा निर्देशांक. इंडिया व्हिक्स एरवी साधारण १२ ते २० च्या दरम्यान असतो. मार्च २०२० मध्ये तो ८० च्या वर गेला होता. ‘व्हिक्स भडकला की तळ जवळ’ हे त्यातून आलं. पण २०२४-२५ च्या पाच महिन्यांत बाजार रोज थोडा थोडा झिजत होता आणि व्हिक्स बहुतेक काळ शांत होता. ७ एप्रिलला तो एका दिवसात ६५ टक्के उसळला, तरी पोचला जेमतेम २३ पर्यंत. ८० ची वाट बघणारा अजूनही वाटच बघतोय.

दुसरी, परदेशी विक्री. ऑक्टोबर २०२४ मध्ये एनएसडीएलच्या नोंदीनुसार परदेशी गुंतवणूकदारांनी ९४ हजार कोटींपेक्षा जास्त रकमेचे शेअर विकले. मार्च २०२० पेक्षा कितीतरी जास्त. ‘एवढं विकल्यावर उरलं काय’ असं म्हणत ज्यांनी नोव्हेंबरमध्ये सगळा पैसा घातला, त्यांना पुढचे चार महिने नुकसान बघावं लागलं. विक्री मोठी आहे यापेक्षा ती कमी होतेय का, हे बघणं जास्त उपयोगी.

तिसरी, लोक कंटाळले का. हिची आकडेवारी मात्र बोलकी आहे. जानेवारी २०२५ मध्ये ५६ लाख नव्या एसआयपी सुरू झाल्या आणि ६१ लाख बंद झाल्या किंवा संपल्या. मार्चमध्ये ४० लाख सुरू आणि ५१ लाख बंद. यात जुन्या नोंदींची साफसफाईही होती, त्यामुळे सगळाच आकडा घाबरलेल्यांचा नाही. तरीही ज्या महिन्यात बंद भावाचा तळ झाला, त्याच महिन्यात येणाऱ्यांपेक्षा जाणाऱ्यांची रांग मोठी होती, एवढं खरं.

चौथी, स्वस्ताई. कंपन्यांच्या वर्षभराच्या एक रुपया नफ्यासाठी बाजार किती रुपये मोजतो, तो आकडा म्हणजे पीई. निफ्टीचा पीई २००८ च्या सुरुवातीला २८ च्या आसपास होता आणि ऑक्टोबरमध्ये १२ च्या खाली आला. २०२० मध्ये तो १७ च्या जवळ थांबला. २०२५ मध्ये २० च्या आसपासच तळ झाला. शिवाय २०२१ च्या मार्चअखेर निफ्टीचा पीई काढायची पद्धत बदलली. आधी फक्त मूळ कंपनीचा नफा धरत, आता उपकंपन्यांसकट धरतात. त्यामुळे २००८ चा आकडा आणि आजचा आकडा एका ओळीत ठेवून केलेली पोस्ट दिसली की पुढे सरकायला हरकत नाही.

सळईला तळ असतो, शेअरला असतो का?

जालन्याच्या एमआयडीसीत भंगार वितळवून सळई बनवणाऱ्या भट्ट्या आहेत. सळईच्या भावाला एक खालची मर्यादा असते. भंगाराचा भाव, विजेचं बिल, मजुरी मिळून जो खर्च येतो, त्याच्या खाली भाव फार दिवस राहत नाही, कारण भट्ट्या पाळ्या कमी करतात, माल कमी निघतो. मे २०२२ मध्ये केंद्राने पोलादाच्या अनेक प्रकारांवर १५ टक्के निर्यातशुल्क लावलं, भाव उतरले, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये ते काढलं. मधल्या काळात खर्च आणि भाव यांची ओढाताण चालू होती. या धंद्यातल्या माणसाला तळ कुठे असेल याचा ढोबळ अंदाज बांधता येतो तो त्यामुळे.

सोयाबीनला तशी मर्यादा कमकुवत आहे. शेतकऱ्याचा खर्च सुगीआधीच झालेला असतो, पीक आलं की परवडो न परवडो ते विकावं लागतं. सोयाबीनमधून १८-२० टक्के तेल निघतं, बाकी बहुतेक पेंड. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने कच्च्या खाद्यतेलावर शून्याऐवजी २० टक्के मूळ आयातशुल्क लावलं, तेल महागलं, पण सोयाबीनचा भाव काही उठला नाही. कारण पेंड स्वस्त होती. ब्राझीलमध्ये भरघोस पीक होतं, आणि देशात मका-तांदळापासून इथेनॉल बनवताना उरणारा स्वस्त चोथा कोंबडीखाद्यात पेंडीची जागा घेत होता. मे २०२५ मध्ये ते शुल्क १० टक्क्यांवर आणलं गेलं. हमीभाव हा कागदावरचा तळ आहे. नाफेडची खरेदी, नोंदणी, १२ टक्के ओलाव्याची अट, बारदाना, एवढं पार केल्यावर तो हातात पडतो. २०२४ च्या खरिपात ओलाव्याची मर्यादा १५ टक्क्यांपर्यंत सैल करावी लागली होती.

शेअरला तर उत्पादन खर्चच नसतो. एखाद्या कंपनीचा शेअर शून्याकडेही जाऊ शकतो. येस बँकेचा शेअर ऑगस्ट २०१८ मध्ये ४०० रुपयांच्या आसपास होता. २०० ला आला तेव्हा निम्म्या भावात मिळतोय म्हणून घेणारे होते, १०० ला आणखी, ५० ला आणखी. ५ मार्च २०२० ला रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, खातेदारांना ५० हजारांची मर्यादा आली, आणि दुसऱ्या दिवशी शेअर ६ रुपयांच्याही खाली जाऊन आला. तळ झाला का? झाला. पण २०० ला घेणाऱ्याला त्याचा काय उपयोग? त्या शेअरने नंतर जुन्या भावाचं तोंडही पाहिलं नाही.

म्हणून ‘बाजाराचा तळ’ आणि ‘माझ्या शेअरचा तळ’ हे दोन वेगळे विषय आहेत. निफ्टीत ५० कंपन्या असतात आणि खराब झालेली कंपनी त्यातून काढून तिच्या जागी दुसरी घेतली जाते. येस बँकही अशीच मार्च २०२० मध्ये निफ्टीतून बाहेर गेली. निर्देशांक वर येतो त्यामागे ही अदलाबदलही असते. तुमच्या खात्यातला शेअर असा कुणी बदलून देत नाही. आणि निर्देशांकालाही हमी नाहीच: जपानचा निक्केई डिसेंबर १९८९ मध्ये ३८,९१५ वर होता, तो आकडा परत दिसायला फेब्रुवारी २०२४ उजाडला. ३४ वर्षं.

तळ बरोबर ओळखला, तरी पैसे गेले

समजा एखाद्याने फेब्रुवारी २०२५ च्या शेवटी ओळखलं की आता बाजार फिरणार. आणि त्याने शेअर न घेता एका आठवड्यात संपणारे निफ्टीचे कॉल ऑप्शन घेतले. त्याचा अंदाज बरोबर होता, फक्त बाजार फिरायला चार दिवस जास्त लागले. ऑप्शन शून्य झाले. शेतकऱ्याचे कट्टे उंदीर-ओलाव्याने थोडे घटतात, पण ठरलेल्या दिवशी ते नाहीसे होत नाहीत. ऑप्शन होतात.

सेबीच्या जुलै २०२५ च्या अहवालानुसार, २०२४-२५ या आर्थिक वर्षात इक्विटी वायदे-ऑप्शनमध्ये उतरलेल्या वैयक्तिक ट्रेडरपैकी ९१ टक्के तोट्यात होते आणि त्यांचा एकूण निव्वळ तोटा १ लाख ५ हजार कोटी रुपयांपेक्षा जास्त होता. तळ पकडण्याचा सगळ्यात महागडा मार्ग हाच आहे, आणि रीलमध्ये सगळ्यात जास्त दाखवला जातो तोही हाच. जानेवारी २०२५ मध्ये सेबीने स्पष्ट केलं की केवळ शिक्षण देणाऱ्यांनी गेल्या तीन महिन्यांतले बाजारभाव वापरून शेअरबद्दल बोलायचं नाही. त्यामुळे नोंदणी क्रमांक न सांगता ‘उद्या निफ्टी इथून फिरणार’ म्हणून आजचा चार्ट दाखवणारा माणूस दिसला, तर तो शिकवत नाहीये एवढं समजायला हरकत नाही.

मग हातात काय उरतं?

थांबण्याची ताकद. कंटाळवाणं उत्तर आहे, पण वरच्या सगळ्या उदाहरणांत नफा-नुकसान ठरलं ते यावर. मोंढ्यात ज्याला दिवाळीआधी पैसे हवेत त्याच्यासाठी भावाचा अंदाज बरोबर की चूक हा प्रश्नच नसतो. त्याची सोय म्हणून पणन मंडळाची शेतमाल तारण योजना आहे. बाजार समितीच्या गोदामात सोयाबीन ठेवलं तर किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज, ६ टक्के व्याजाने, १८० दिवसांसाठी मिळतं. मात्र २०२२ नंतरच्या सलग हंगामांत भाव उतरत असताना तारणाने फक्त वेळ मिळाला, भाव नाही. हेही लपवण्यात अर्थ नाही. म्हणून जाणकार माल दोन-तीन टप्प्यांत विकायला सांगतात: गरजेपुरता सुगीत, थोडा संक्रांतीनंतर, उरलेला उन्हाळ्यात. सगळ्यात चांगला भाव कधीच मिळत नाही, पण सगळा माल सगळ्यात वाईट भावातही जात नाही.

शेअर घेणाऱ्यासाठी हेच उलट्या बाजूने. पुढच्या तीन-चार वर्षांत लागणार असलेला पैसा त्यात नको, उसना तर नकोच, आणि उरलेला टप्प्याटप्प्याने. ऑक्टोबर २०२४ ते एप्रिल २०२५ दर महिन्याला ठरलेल्या तारखेला निफ्टीचा इंडेक्स फंड घेत राहिलेल्या माणसाला ४ मार्च की ७ एप्रिल या वादात पडायची गरज पडली नाही. ज्याने मार्चमध्ये एसआयपी बंद करून ‘तळ दिसला की सुरू करू’ ठरवलं, त्याला मात्र ती परत कधी सुरू करायची हे ठरवावं लागलं, आणि १५ एप्रिललाच निफ्टी २३,३०० च्या वर होता.

पुढची पडझड येईल तेव्हा हे आकडे कुणाच्या ग्रुपमधून घेण्याची गरज नाही, सगळे फुकट आहेत. परदेशी गुंतवणूकदारांची खरेदी-विक्री एनएसडीएलच्या संकेतस्थळावर कामकाजाच्या दिवशी टाकली जाते. व्हिक्स आणि निफ्टीचा पीई एनएसईच्या संकेतस्थळावर असतो. किती एसआयपी सुरू झाल्या आणि किती बंद, हे म्युच्युअल फंडांची संघटना अ‍ॅम्फी दर महिन्याच्या १० तारखेच्या आसपास जाहीर करते. आणि जालना बाजार समितीत आज सोयाबीनची किती क्विंटल आवक झाली, कमीत कमी आणि जास्तीत जास्त भाव काय निघाला, ते पणन मंडळाच्या पानावर दिसतं. तिथे नुसता भाव बघू नका, शेजारचा आवकेचा रकानाही बघा.